गेजवरचं कुंकू

आयुष्य पोलिसात काढलं, पण एकही चोर पकडला नाही. लग्नकार्यात नवी ओळख झाली की माणसं खुर्ची जवळ ओढतात आणि म्हणतात, "पोलिसात व्हते का? मंग एखादा खुनाचा किस्सा सांगा की!" मी सांगतो, मी आर्मोरर होतो. पोलिसांच्या बंदुका तपासायच्या, दुरुस्त करायच्या. "मंग गोळ्या लई झाडल्या असतील!" झाडल्या, पण वाळूच्या ढिगात, रायफल नीट झाली की नाही एवढंच बघायला. हे ऐकलं की समोरचा माणूस मठ्ठ्याचा ग्लास शोधायला उठतो.

खुनाचा किस्सा माझ्याकडे नाही. जे आहे ते केसाएवढ्या जाडीचं आहे, आणि ते मी इतकी वर्षं कुणाला नीट सांगितलेलं नाही. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी जालन्याला एक गोष्ट घडली, म्हणून या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो.

आधी धंदा समजावून सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काडतुसाला पितळी पुंगळी असते. तिच्या पुढच्या तोंडात गोळी, पोटात दारू. ही पुंगळी नळीच्या मागच्या टोकाला बसते आणि बोल्ट मागून दार लावल्यासारखा तिला धरून ठेवतो. आमच्याकडच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीत पुंगळीच्या बुडाची कड नळीच्या काठावर टेकायची. ती कड बसायला बोल्टच्या तोंडापुढे जी जागा असते, तिला हेडस्पेस म्हणतात. आम्ही सरळ 'फट' म्हणायचो. फट कमी असेल तर बोल्ट लागत नाही. जास्त असेल तर बोल्ट छान लागतो, गोळीही सुटते, पण त्या दाबानं पुंगळी मागं ताणली जाते. फारच ताणली तर बुडाजवळ फाटते, आणि पुढं जायचा जळता वायू मागं येतो. नेम धरणाऱ्याचा डोळा तिथून वीतभर लांब असतो.

ही फट पट्टीनं मोजता येत नाही. त्यासाठी दोन गेजं असतात. कडक पोलादाची, अंगठ्याच्या पेराएवढी, आरशासारखी घासलेली. एक 'गो', दुसरं 'नो-गो'. काडतुसाच्या जागी गेज ठेवायचं आणि दोन बोटांनी बोल्ट लावून बघायचा. 'गो'वर बोल्ट लागलाच पाहिजे, 'नो-गो'वर लागता कामा नये. दोन्हींच्या जाडीत फरक एका पोस्टकार्डाएवढा. त्या पोस्टकार्डाच्या अलीकडे शिपाई सुखरूप, पलीकडे देवाची मर्जी.

हे मला शिकवलं युसूफ उस्तादांनी. मी अंकुशनगरच्या साखर कारखान्यातल्या फिटरचा मुलगा. आयटीआय करून पोलिसात आलो तेव्हा मला वाटत होतं, लोखंडाचं आपल्याला सगळं कळतं. उस्तादांनी पहिला पावसाळाभर गेजला हात लावू दिला नाही. ते स्वतः गेज लावायच्या आधी तीनदा पुसायचे. एकदा रॉकेलच्या फडक्यानं, एकदा कोरड्या फडक्यानं आणि शेवटी धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यानं. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, आत्ताच तर पुसलं ना?" ते म्हणाले, "बेटा, तू जेवायच्या आधी हात धुतो का न्हाई? मंग सकाळी आंघोळ केली ती काय झाली?" बोल्टला जोर लावलेला त्यांना खपत नसे. "बोल्ट रुकला तर रुकला. जबरदस्ती करायला ती काय म्हैस हाय?"

फट जास्त झाली की पुंगळी कशी सांगते, हेही त्यांनीच दाखवलं. एका निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका जमा करून घेत होतो. असल्या दिवसांत नाना तऱ्हेची माणसं भेटतात. एकाच्या दुनळीत कुंभारमाशीनं घर केलेलं, तरी तो शपथेवर सांगत होता की बंदूक रोज साफ करतो. दुसरे एक अण्णा, बागायतदार, रानडुकरांसाठी रायफल बाळगून. त्यांनी चॉकलेटच्या डब्यातून रिकाम्या पुंगळ्या आणल्या आणि हळूच म्हणाले, "मिसाळ, एवढ्या परत भरून द्या. नुसती दारू न् गोळी तर घालायची. सिलिंडर न्हाई का आपण परत भरून आणत?"

मी म्हणालो, "अण्णा, परवानगी न्हाई त्याची." तरी ते हटेनात. शेवटी उस्तादांनी एक नवं काडतूस घेतलं, अण्णांची एक पुंगळी घेतली आणि दोन्ही मायक्रोमीटरनं मोजून दाखवली. उडालेली पुंगळी फुगली होती, लांबली होती. ज्या रायफलीत उडाली तिचं माप ती घेऊन बाहेर आली होती. मग ती उजेडात फिरवून बुडाजवळ नख ठेवलं. तिथं पितळेवर एक बारीक चकचकीत रेघ गोल फिरली होती.

"हे काय, दागिना?" अण्णांनी विचारलं.

"दागिना न्हाई साब. इथून ती फाटायला निघाली व्हती. तुमची रायफल ढिली झाली हाय. पुंगळी भरायचं राहू द्या, तुमची आँख सांभाळा."

अण्णांनी पुंगळ्यांचा डबा मिटला. रायफल जमा करून गेले आणि निवडणूक झाल्यावर परत न्यायला आले नाहीत. उस्तादांनी एक डोळा वाचवला असं मी तेव्हा कौतुकानं घरी सांगितलं होतं.

आता खंडेनवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शस्त्रपूजा होते. शिपायांची बायकापोरं येतात, म्हणून रायफलींचे बोल्ट काढून ठेवायची रीत होती. बोल्ट नसला की रायफल नुसती काठी. ते काढलेले बोल्ट पांढऱ्या चादरीवर गोलात मांडायचे, मध्ये झेंडूची फुलं. दिसायला मोठं सुंदर दिसे. पूजा झाली की ज्या त्या रायफलीत जो तो बोल्ट. दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो, कारण बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट लागतो, पण फट बदलते.

पूजेला उस्ताद हजर असत. दाराशी हात बांधून उभे राहत, पेढा घेत, आमच्या पोरांना खाऊला पैसे देत. पण गेजचा डबा ते आदल्या दिवशीच लोखंडी कपाटात घालत आणि किल्ली खिशात ठेवत. एका वर्षी आमचे जमादार म्हणाले, "उस्ताद, पूजेत सगळं पाहिजे. गेज पण काढा." उस्ताद म्हणाले, "साब, हत्यारं घ्या, बराबर पूजा करा. हे हत्यार न्हाई." आम्ही तरुण पोरं बाहेर आल्यावर एकमेकांना म्हणालो, "त्यांच्यात चालत न्हाई ना. जाऊ द्या, कशाला आग्रह करायचा?" आणि आपण किती समजूतदार, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

उस्ताद निवृत्त होऊन त्यांच्या गावी, भोकरदनला गेले. शस्त्रागाराची कार्यशाळा माझ्याकडे आली. पहिल्याच नवमीला मी गेजचा डबा कपाटातून काढला आणि ताटात मधोमध ठेवला. ज्यावर माझं पोट चालतं त्याला हळदीकुंकू नको का लागायला? मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू? माझ्या बायकोनं दोन्ही गेजांच्या चकचकीत तोंडांवर हळदीकुंकवाची बोटं टेकवली.

दुसऱ्या दिवशी डबा आवरताना मी गेजं तेलाच्या फडक्यानं पुसली. एकावरचं निघालं. 'नो-गो'वर मात्र कुंकवाचा बारीकसा ठिपका राहिला. रॉकेलनं घासलं असतं तर गेलं असतं. पण आपल्या घरात कुंकू पुसायचं म्हटलं की हात अडतो. बायकोनं लावलेलं, सणाचं. राहू दे म्हटलं. एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय?

दिवाळीनंतर सालाबादचा गोळीबाराचा सराव होता. त्याआधी मी सगळ्या रायफली तपासल्या. एकीतही 'नो-गो'वर बोल्ट लागला नाही. दरवर्षी दोन-चार तरी नापास व्हायच्या, त्या वर्षी सगळ्या पास. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला. बोल्ट आणि रायफलीचा नंबर जुळवायचं एक रजिस्टर होतं. माझा मदतनीस हवालदार म्हणाला, "दादा, नंबर बघायचे राहिलेत." मी म्हणालो, "गेज पास म्हणून राह्यलं, मंग नंबर कशाला? गेज खोटं बोलत न्हाई." हे वाक्य मी तेव्हा इतक्या ऐटीत म्हणालो होतो की आज आठवलं की मान खाली जाते.

सरावाला दुसऱ्या तुकडीत सुनीता मदने होती. धनगराची पोर, बाप भोकरदनकडे मेंढरं घेऊन हिंडायचा. जिल्ह्यात तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. राज्याच्या पोलीस स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं होतं. हसून म्हणायची, "दादा, डोंगरावरची मेंढी लंगडती का न्हाई ते खालून सांगायचे मी. हे तर नुसतं गोल निशाण हाय."

तिची चौथी गोळी वेगळी वाजली. नेहमीचा कोरडा आवाज नाही, काहीतरी फुटल्यासारखा. मी पाठीमागं उभा होतो. तिनं रायफल खाली ठेवली, नळीचं तोंड निशाणाकडे करून, शिकवल्याप्रमाणे. ती ठेवल्यावर मगच दोन्ही हात तोंडावर घेतले. बोटांमधून रक्त आलं. तशा अवस्थेतही तिनं नळी कुणाकडे वळू दिली नाही, हे मी कधी विसरणार नाही.

तिला संभाजीनगरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. इकडे संध्याकाळपर्यंत कुजबुज सुरू झाली. "बाईमाणसाच्या हाताला बोल्ट जड जातो. पुरता लावलाच नसंल." प्राथमिक अहवालात 'हाताळणीतील चूक' असे शब्द पडले आणि रायफल तांत्रिक मतासाठी माझ्याकडे आली.

पहिल्यांदा पुंगळी बघितली. बुडाजवळ, जिथं अण्णांच्या पुंगळीवर रेघ होती, तिथंच ती गोल फाटली होती. मग नंबर बघितले. बोल्टवर एक, रायफलीवर दुसरा. नवमीच्या चादरीवरून उचलताना अदलाबदल झालेली. बरं, बोल्ट दुसरा असला तरी गेजनं पकडायला हवं होतं. मी 'नो-गो' घातलं आणि दोन बोटांनी बोल्ट लावला. लागला नाही. म्हणजे पास! हातात फाटलेली पुंगळी आणि गेज म्हणतंय सगळं ठीक आहे. मी गेज काढून खिडकीच्या उजेडात धरलं. तोंडावर तो ठिपका होता, तेलात वाळून काळपट झालेला. नखाला लागेल न लागेल एवढा. मी रॉकेल घेतलं, तीनदा पुसलं, उस्ताद पुसायचे तसं. परत घातलं. बोल्ट अलगद लागला.

त्या वेळी मी उठून साहेबांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. रजिस्टर मिटलं आणि निरोप पाठवला, "तपासणी चालू आहे." चार दिवस माझी तपासणी चालू होती. गेज तर पुसून झालं होतं, बघणारं कुणी नव्हतं. नंबरांची चूक शिपायांच्या माथी मारता आली असती. मी खरं बोललो नसतो तर कुणाला कधीच कळलं नसतं आणि त्या पोरीच्या नावावर 'हाताळणीतील चूक' कायमची बसली असती. हे मला दिसत होतं, आणि तरी मी चार दिवस जेवत होतो, ड्यूटीवर जात होतो.

पाचव्या दिवशी भोकरदनची एसटी धरली. उस्ताद अंगणात सायकलचं पायडल दुरुस्त करत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणून मी डबा कपाटात ठेवत व्हतो, बेटा."

"आम्हाला वाटलं, तुमच्या धर्मात..."

"मालूम हाय काय वाटलं ते."

मला राग आला. खरंच आला. "मंग सांगितलं का न्हाई उस्ताद? एका शब्दानं सांगायचं व्हतं!"

त्यांनी तेलकट हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मी काय सांगणार? गेजसाठी कुंकू म्हणजे कचरा हाय. धूळ कचरा, तेल कचरा, कुंकू पण कचरा. हे तू म्हणला असता तर कारागीर बोलला. मी, युसूफ, पूजेच्या ताटापुढं उभा राहून म्हणलो असतो तर कोण बोललं असतं? म्हणून तुम्ही जे समजले ते समजू दिलं. गलती माझी पण हाय. पोरीची आँख कशी हाय?"

मी म्हणालो, माहीत नाही. अजून गेलो नाही.

"मंग इकडं कशाला आल्ता?" ते म्हणाले. "उठ. पहिली गाडी पकड."

परत येऊन मी लिहून दिलं. नंबर न जुळवल्याचं, गेज न पुसल्याचं, चार दिवस गप्प बसल्याचं. साहेबांनी वाचून विचारलं, "मिसाळ, हे कुंकवाचं लिहायलाच पाहिजे का?" मी म्हणालो, "त्याच्याशिवाय बाकीचं खोटं ठरतंय साहेब." मदनेच्या नावापुढचे शब्द खोडले गेले. मला शिक्षा झाली, कार्यशाळेतून काढून जुन्या कागदपत्रांच्या विभागात बसवलं. त्याचं दुःख मी करत नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे बोल्ट मी लावला व्हता?"

"लावला व्हता. पुरता."

"सगळे म्हणून राह्यले न्हाई लावला. मला बी तसंच वाटाय लागलं व्हतं दादा. रोज डोळे मिटून तो बोल्ट लावून बघत व्हते. लावला का न्हाई, लावला का न्हाई." मग तोंड माझ्याकडे करून म्हणाली, "डोळ्याचं राहू द्या. ती चूक झाली. पर चार दिस तुम्ही गप कसं राह्यलात?"

तिच्या उजव्या डोळ्याला पुढं फक्त उजेड-अंधार कळू लागला. स्पर्धेला दुसरं कुणी गेलं.

कार्यशाळेचा चार्ज देताना मी रजिस्टरमध्ये पहिल्या पानावर ठळक लिहिलं, 'गेज पूजेत ठेवू नये.' कारण लिहिलं नाही. लाज वाटली. फाईलमध्ये सगळं आहेच, असं मनाला सांगितलं. फाईल कपाटात गेली, ती कोण उघडून बघतो? पुढं माणसं बदलली. थ्री नॉट थ्री जाऊन दुसरी हत्यारं आली, त्यांची गेजं वेगळी आली. मीही निवृत्त झालो. उस्ताद जाऊन आता दोन वर्षं होतील.

यंदा खंडेनवमीला जुन्या लोकांना बोलावणं होतं. गेलो. चादर, झेंडू, पेढे, सगळं तसंच. नवा आर्मोरर वाघ नावाचा, चुणचुणीत माणूस, पाया पडला. पूजेच्या ताटात जाडी मोजायचा व्हर्निअर होता, पाने होते, स्क्रू ड्रायव्हरला सुद्धा कुंकू होतं. गेजचा डबा दिसला नाही. मला बरं वाटलं. सहज विचारलं, "गेज ठेवत न्हाई का पूजेत?"

"न्हाई सर. लई जुनी प्रथा हाय इथली," वाघ आवाज खाली करून म्हणाला. "आधी एक मुसलमान उस्ताद व्हते म्हणे. त्यांच्यात पूजा चालत न्हाई, म्हणून गेज येगळं ठेवायचे. ते गेले, पर प्रथा राहिली. औंदा आम्ही म्हणतोय, आता काय हरकत हाय? पुढच्या साली ठेवूनच टाकू."

पेढा माझ्या हातातच राहिला. उस्ताद बोलले नाहीत, कारण त्यांना बोलता येत नव्हतं. मी बोललो नाही, कारण मला लाज वाटत होती. आणि त्या दोन गप्प बसण्यांतून हे एवढं तयार झालं होतं.

मग मी तिथंच, सगळ्यांच्या देखत सांगितलं. पहिल्यापासून. मलमलीचा तुकडा, बायकोचं बोट, राहू दे म्हटलेला ठिपका, चार दिवस. आसपासची माणसं जवळ आली. पलीकडे नव्या भरतीच्या पोरींना घेऊन सुनीता मदने उभी होती. ती आता सरावाची उस्ताद आहे आणि डाव्या खांद्यावरून नेम धरते. तिनं बोलणं थांबवून आमच्याकडे मान वळवली होती.

वाघ ऐकत होता, पण त्याच्या ओठावर हसू होतं. म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये म्हणून दाबलेलं. त्यानं अंगठा आणि बोट एकमेकाला चिकटवून दाखवलं.

"एवढ्याशा कुंकवानं, सर?"

सुनीता पुढं आली. तिनं चष्मा काढला आणि उजवा डोळा त्याच्यासमोर धरला.

"एवढ्याशानंच," ती म्हणाली.